डायनामोवरची तारीख

साठच्या दशकातल्या एखाद्या ब्रिटिश गाडीचा डायनामो उतरवून रॉकेलच्या बोळ्यानं पुसायला घेतला, की वर्षानुवर्षांच्या तेलकट काजळीखालून हळूहळू अक्षरं वर येऊ लागतात. आधी लुकास हे नाव दिसतं, मग नमुन्याचा क्रमांक, सी-४० किंवा त्याच्या आधीचा सी-३९, आणि जवळच ठोकलेले दोन लहानसे आकडे: ८ आणि ६२. म्हणजे १९६२ सालचा ऑगस्ट महिना. लुकास कंपनी अशा तारखा डिस्ट्रिब्युटरवर, सेल्फवर, वायपरच्या मोटरवरही ठोकत असे. त्या गाडीच्या पत्र्याला नंतर कितीदा तरी रंग लागला असेल. गाद्या, काचा, रबरं, चाकं बदलली असतील, आणि मालक तर बदलले असणारच. गाडीची कागदपत्रं हरवतात, पहिल्या धन्याचं नाव विसरलं जातं, घरातल्या आठवणी एकमेकींत मिसळून जातात. अशा वेळी ही गाडी साधारण कोणत्या साली, कोणत्या हंगामात कारखान्याबाहेर पडली असावी याची साक्ष द्यायला बॉनेटखालचा हा काळा डबा पुढे येतो. त्याला कोणी मुद्दाम इतिहास लिहायला बसवलं नव्हतं. कारखान्याच्या हिशेबासाठी ठोकलेले ते आकडे होते, आणि म्हणूनच त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली, की बहुतेकांचं लक्ष आधी डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टींकडे जातं. रंगाची नेमकी छटा मिळवण्यासाठी महिने घालवले जातात, बंपरवरचा क्रोम आरशासारखा व्हावा म्हणून हवा तेवढा खर्च होतो, गादीच्या शिवणीचे टाके जुन्या फोटोंवरून मोजले जातात. वायरिंगची पाळी येते ती अगदी शेवटी, पैसा आणि धीर दोन्ही संपत आलेले असताना. मग मिळेल तो कटआउट, मिळेल ती कॉइल, एकाच रंगाच्या चार भेंडोळ्यांतून ओढलेल्या वायरी, आणि गाडी एकदाची सुरू झाल्याचं समाधान. मला हा क्रम उलटा वाटतो. विजेचे भाग हे जुन्या गाडीतले सर्वांत बोलके भाग असतात आणि सर्वांत आधी नाहीसे होणारेही तेच असतात, म्हणून त्यांच्या खरेपणाची काळजी सर्वांत आधी घ्यायला हवी. आणि खरा भाग कोणता, याचं माझं उत्तर असं आहे: त्या गाडीच्या सालाशी, ती जिथं बनली त्या गावाशी आणि तिनं जे आयुष्य काढलं त्याच्याशी जो जुळतो, तो खरा. तो देखणा असेलच असं नाही. तो जास्तीत जास्त जुना किंवा परदेशी असावा, अशीही अट नाही. पुष्कळदा तो बाजारात शोधावाच लागत नाही, कारण तो त्याच गाडीत, नादुरुस्त होऊन, बसलेला असतो.

मोटारीत वीज आली ती एका झटक्यात आली नाही. सुरुवातीच्या गाड्यांना ठिणगीसाठी मॅग्नेटो असे, दिव्यांसाठी कार्बाइडचा गॅस असे, हॉर्नला रबरी फुगा असे, आणि इंजिन सुरू करायला समोर उभं राहून हँडल मारावं लागे. १९१२ च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा सेल्फ, दिवे आणि इग्निशन अशी सगळी व्यवस्था एकत्र आणली, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात डायनामो, बॅटरी, कॉइल आणि पॉइंट ही मंडळी प्रत्येक गाडीत घर करून बसली. या अर्धशतकातली यंत्रं डोळ्यांनी पाहता येतात, कानांनी ऐकता येतात. लुकासच्या आरबी-१०६ कटआउटचं झाकण काढलं की आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी दिसतात. एक डायनामोचा दाब आवरतं, दुसरं बॅटरी आणि डायनामो यांच्यातलं दार उघडतं आणि मिटतं. इंजिनाचे फेरे वाढले, दाब तेरा व्होल्टच्या आसपास पोचला, की एक पट्टी खाली ओढली जाते, टिक्कन आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा विझतो. खुद्द डायनामोची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं आणि पुढच्या वेळी वीज तयार व्हायला सुरुवात होते ती त्या शिलकीतून. ते चुंबकत्व उलट्या दिशेचं असेल तर वीजही उलटी वाहते. म्हणून डायनामो दुरुस्त करून परत बसवला की जाणता कारागीर त्याच्या 'एफ' खुणेच्या लहान टोकाला बॅटरीची वायर क्षणभर टेकवतो, दोन-चार ठिणग्या उडतात, आणि आपल्या गाडीत अर्थ कुठल्या बाजूला आहे हे लोखंडाला पुन्हा ठाऊक होतं.

ही अर्थची बाजू हा नुसता तांत्रिक तपशील नाही. कित्येक ब्रिटिश गाड्यांत साठच्या दशकापर्यंत बॅटरीचं धन टोक सांगाड्याला जोडलेलं असे. नंतर ऋण टोक जोडण्याची रीत रूढ झाली. एमजीबी ही गाडी १९६२ साली निघाली तेव्हा तिच्यात धन अर्थ होता आणि डायनामो होता. १९६७ च्या अखेरीस तिची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात ऋण अर्थ आणि ऑल्टरनेटर आला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या जवळपास सारख्या. पण १९६४ च्या एमजीबीवर ऑल्टरनेटर जितका चुकीचा, तितकाच १९६९ च्या एमजीबीवर डायनामो चुकीचा, जरी तो वयानं मोठा असला तरी. जुनं ते सोनं हे सूत्र इथं कामाला येत नाही. हवं असतं ते त्या सालाचं.

वायरींचीही अशीच भाषा असते. लुकासनं ब्रिटिश गाड्यांना लावून दिलेली रंगांची शिस्त एकदा मनात बसली, की अनोळखी गाडीच्या डॅशबोर्डखाली डोकं घातलं तरी वाट चुकत नाही. तपकिरी वायर बॅटरीकडून थेट येते. पांढरी वायर किल्ली फिरवल्यावर जागी होते. तीच वीज फ्यूजमधून पुढे गेली की वायर हिरवी होते. निळी हेडलाइटची, तांबडी मागच्या-पुढच्या लहान दिव्यांची, जांभळी फ्यूजमधून सतत जिवंत असणारी, काळी अर्थची. डाव्या इंडिकेटरच्या हिरव्या वायरीवर लाल रेघ, उजव्याच्या हिरव्या वायरीवर पांढरी. पन्नासच्या दशकातल्या आणि त्याआधीच्या गाड्यांत या वायरींवर रबराचं आवरण आणि वर सुताची वीण असे, आणि त्या विणीत रंगीत धागा रेघेसारखा फिरवलेला असे. पुढे प्लास्टिकचं आवरण आलं, तरी काही वर्षं सगळ्या जुडीवर बाहेरून सुती विणीचं वेष्टन राहिलं. म्हणजे नुसत्या वायरींच्या जुडीकडे पाहूनही दशक ओळखता येतं. अशी एक जुडी कापून टाकून तिच्या जागी सगळ्या लाल वायरी ओढल्या, तर गाडी चालेल. पण पुढे जो कोणी ती गाडी उघडेल त्याला तिथं वाचण्यासारखं काही उरलेलं नसेल.

आणि नेमके हेच भाग सर्वांत आधी जातात. त्याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत. पत्र्याचा दरवाजा चेपला तरी गाडी चालते, डायनामो बंद पडला की बॅटरी उतरताच ती रस्त्यातच उभी राहते. मालक घाईत असतो, मेकॅनिकही घाईत असतो, आणि बदली भाग समोरच्या दुकानात तयार असतो. काढलेला डायनामो गॅरेजच्या कोपऱ्यात पडतो आणि तिथून भंगारात जातो, कारण त्याच्या पोटात तांबं असतं. तांब्याला भाव असतो, तारखेला नसतो. कायद्याचं लक्षही इथवर पोचत नाही. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनं वाहन मूळ स्वरूपात जपलेलं असेल तर त्याला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. नवीन नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आहे. मूळ स्वरूप मोडणारे बदल म्हणून नियमात चासी, बॉडी आणि इंजिन यांची नावं घेतली आहेत. विजेच्या व्यवस्थेचं नाव तिथं नाही. नियम करणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण कुठंतरी रेघ ओढावीच लागते. मात्र त्या रेघेच्या पलीकडे राहिलेल्या गोष्टींची राखण मग मालकाच्या आणि कारागिराच्याच पदरी येते.

'हल्ली सगळं पुन्हा बनवून मिळतं, मग जुन्याचा एवढा आग्रह कशाला?' असा एक प्रश्न येतो. मिळतं हे खरं आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ सुती विणीच्या वायरिंगच्या जुड्या जुन्या आराखड्यांवरून आजही बनतात आणि त्या चांगल्या असतात. जिथं मूळ वायरिंग उंदरांनी कुरतडलं आहे किंवा जळून गेलं आहे तिथं अशी जुडी घालणं हे मला पूर्णपणे योग्य वाटतं. पण खोक्यावरचं नाव पाहून फसायला होतं. लुकास ही कंपनी १९९६ साली व्हॅरिटी या अमेरिकी कंपनीत विलीन झाली आणि १९९९ साली ती सगळीच टीआरडब्ल्यूनं घेतली. नाव मात्र बाजारात राहिलं. आज त्या नावाच्या हिरव्या खोक्यात जे मिळतं त्याचा बर्मिंगहॅमच्या जुन्या कारखान्याशी संबंध असेलच असं नाही. नव्यानं बनवलेले काही रोटर आणि कंडेन्सर फार लवकर दगा देतात, ही जुन्या गाड्या चालवणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. याच्या उलट टोकाला न वापरलेला जुना माल असतो, कुठल्याशा दुकानाच्या माळ्यावर चाळीस-पन्नास वर्षं कागदात गुंडाळून राहिलेला. त्याचंही आंधळं कौतुक करू नये. रबर ताठरतं, ग्रीस वाळून मेणासारखं होतं, कंडेन्सरच्या आतला कागद ओल धरतो. तारीख बरोबर असली तरी भाग काम करील की नाही हे तपासूनच ठरवावं लागतं. म्हणून माझ्या लेखी पसंतीचा क्रम असा: आधी गाडीतलाच भाग दुरुस्त करावा. तो नसेल तर त्याच सालचा, त्याच क्रमांकाचा वापरलेला भाग शोधावा. तोही नसेल तर प्रामाणिक नक्कल लावावी आणि ती नक्कल आहे हे लिहून ठेवावं.

आता आपल्याकडच्या गाड्यांकडे येऊ, कारण खऱ्या भागाचा प्रश्न इथं सर्वांत रंगतो. १९५३ च्या टॅरिफ कमिशननं धोरण सुचवलं, की ज्या कंपन्या भारतात टप्प्याटप्प्यानं खरोखर उत्पादन करायला तयार असतील त्यांनीच इथं राहावं. शिवडीत गाड्यांची जुळणी करणारी जनरल मोटर्स त्यानंतर निघून गेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात राहिली, आणि फियाटची ११०० ही गाडी तिथं वाढली. डुक्कर फियाट, मग १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पद्मिनी. इटलीतली मूळ ११०० डी १९६६ साली बंद झाली. कुर्ल्याची बहीण मात्र जवळजवळ शतक संपेपर्यंत बनत राहिली. या काळात तिच्या पोटातली वीज हळूहळू भारतीय झाली. इटलीत तिला मिलानजवळच्या मान्येती मारेल्लीचे भाग असत. इथं साठच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासजवळ पाडीला लुकास-टीव्हीएसचा कारखाना उभा राहिला, बेंगळुरूला मायकोचे स्पार्क प्लग बनत होते, आणि इटालियन इंजिनावर मद्रासी डिस्ट्रिब्युटर फिरू लागला.

आज पद्मिनी हौसेनं उभी करणारे काही लोक परदेशातून मारेल्लीचे भाग मागवतात. ते भाग सुबक असतात, त्यांच्यावरची अक्षरं रेखीव असतात, आणि मूळ फियाटला तेच शोभत होते हेही खरं. त्या हौसेमागचं प्रेम मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. १९७८ साली कुर्ल्यातून बाहेर पडलेल्या गाडीला मिलानजवळचा डिस्ट्रिब्युटर बसवणं म्हणजे तिला न घडलेला इतिहास देणं. त्या गाडीचं वैशिष्ट्यच हे आहे, की परकी चलन जपून वापरणाऱ्या देशानं, आयातीच्या परवान्यांच्या काळात, एक विलायती गाडी भाग-भाग करून आपलीशी केली. पाडीच्या कारखान्याचा शिक्का असलेला, थोडा जाडाभरडा डायनामो हा त्या सगळ्या कहाणीचा पुरावा आहे. तो काढून टाकला तर गाडी अधिक शुद्ध होत नाही. ती फक्त अधिक इटालियन दिसते, आणि ती तशी कधीच नव्हती. अँबेसेडरचंही तेच. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ती आली म्हणून उत्तरपाड्याच्या गाडीवर इंग्लंडचे भाग चढवावेत असं नाही. मूळ नमुना आणि समोरची गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इमान राखायचं ते समोरच्या गाडीशी.

इथं एक अवघड प्रश्न उभा राहतो: समोरच्या गाडीच्या आयुष्यातला कोणता दिवस खरा मानायचा? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं उदाहरण घ्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. या शहरातल्या पुष्कळ पद्मिनी टॅक्सींनी पुढच्या आयुष्यात सीएनजीवर धाव घेतली. डॅशबोर्डवर पेट्रोल आणि गॅस यांची अदलाबदल करणारा छोटा स्विच आला, त्याच्या वायरी बॉनेटखालच्या व्हॉल्व्हकडे गेल्या, बाहेर मीटर होता, त्याचीही वेगळी जोडणी होती. अशी टॅक्सी जपायची झाली तर गॅसचा स्विच काढून तिला कुर्ल्याच्या गेटमधून निघालेल्या दिवसासारखी करायची का? मला वाटतं, नाही. त्या टॅक्सीनं मुंबईत जे दिवस काढले ते त्या स्विचसकट काढले. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनं, फिवानं, २०१२ साली स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेतही हाच विचार आहे. जुन्या वास्तूंसाठी १९६४ साली केलेल्या व्हेनिस सनदेचा वारसा ती सांगते. वाहनाच्या नेहमीच्या वापराच्या काळात त्याच्यात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचे साक्षीदार आहेत, म्हणून ते राखावेत, आणि आज जे नवं घालाल ते ओळखू येईल असं खूण करून घालावं, असं ती सांगते. यातून एक भेद स्पष्ट होतो. गाडी पोटासाठी राबत असताना तिच्यात जे आलं ते तिचं झालं. ती जपणुकीची वस्तू ठरल्यानंतर तिच्यात आपण जे घालतो त्याचा हिशेब मात्र आपल्याला द्यावा लागतो.

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. डायनामो मंद फेऱ्यांवर पुरेशी वीज देत नाही. सी-४० ची पूर्ण ताकद बावीस अँपिअर, त्याच्या पुढच्या पिढीतला साधा ऑल्टरनेटर सहज चौतीस-छत्तीस देतो. पावसाळ्याच्या रात्री घाटात, वायपर, हेडलाइट आणि हॉर्न एकदम चालू असताना, हा फरक पुस्तकी राहत नाही. एमजीबीसारख्या गाडीत सुरुवातीला दोनच फ्यूज होते आणि हेडलाइटच्या वाटेवर तर फ्यूज नव्हताच. अशा गाडीत माणसं बसणार असतील तर त्यांचा जीव इतिहासापेक्षा मोठा आहे, याबद्दल दुमत असू नये. पण या आक्षेपाच्या आडून पुष्कळ अनावश्यक मोडतोड होते. जुने दिवे मिणमिणते असतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अर्धी वीज गंजलेल्या अर्थमध्ये, हिरव्या पडलेल्या जोडांत आणि झिजलेल्या स्विचमध्ये वाटेतच हरवलेली असते. सांगाड्यावरचा रंग खरवडून अर्थचा बोल्ट स्वच्छ धातूवर घट्ट केला, टोकं घासली, तर तोच मूळ दिवा वेगळाच उजेड देतो. पॉइंटची फट नीट ठेवली, लुकासच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरला ती साधारण पंधरा हजारांश इंच लागते, तर सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठते. एवढं करूनही जे कमी पडेल तिथं जरूर भर घालावी. हेडलाइटच्या वायरीत एक फ्यूज वाढवावा, तो दिसेल असा ठेवावा, मूळ वायर न कापता जोडावा. परत काढता येतो आणि कागदावर नोंदलेला असतो असा बदल गाडीला इजा करत नाही.

माझी खरी तक्रार लपवलेल्या बदलांबद्दल आहे. आज डायनामोच्या नळकांड्यात दडवलेले ऑल्टरनेटर मिळतात, कटआउटचं जुनं झाकण राखून आतली वेटोळी काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक पाटी बसवता येते, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली पॉइंटऐवजी चुंबकाचं यंत्र लपवता येतं, काळ्या रबरी डब्याची जुनी बॅटरी पोकळ करून तिच्यात आजची बॅटरी ठेवता येते. कारागिरी म्हणून हे सगळं कौतुकाचं आहे आणि रोज चालवण्याच्या गाडीला ते सोयीचंही पडतं. परंतु जे आहे ते झाकून जे नाही ते दाखवणं, हे इतिहासाच्या नावाखाली होऊ नये. उघडपणे लावलेला ऑल्टरनेटर पाहणाऱ्याला खरं सांगतो, की इथं नंतर कुणीतरी सोय केली. दडवलेला ऑल्टरनेटर पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला चकवतो. त्याहून वाईट प्रकार तारखांच्या बाबतीत घडतो. अमेरिकेत कॉर्व्हेटचे जाणकार परीक्षक स्टार्टर आणि ऑल्टरनेटरवरचे वर्ष, महिना आणि दिवसाचे संकेत वाचतात आणि ते गाडी जुळवल्याच्या दिवसाआधीच्या थोड्या काळातले आहेत का ते बघतात. त्यामुळे बरोबर तारखेच्या भागाला मोठी किंमत येते, आणि किंमत आली की जुने आकडे घासून नवे ठोकणारे हातही तयार होतात. असं ठोकलेल्या भागानं दोन गाड्यांचा पुरावा एकदम नष्ट होतो: ज्या गाडीतून तो आला तिचा, आणि ज्या गाडीत तो गेला तिचा. तारीख न जुळणारा पण न छेडलेला डायनामो मी अशा भागापेक्षा कितीतरी वरचा मानीन.

'झाकण उघडून कोण बघणार आहे?' असंही विचारलं जातं. त्याचं उत्तर मला सोपं वाटतं. दिसणाऱ्या गोष्टी पाहणाऱ्यांसाठी असतात, न दिसणाऱ्या गोष्टी कळून घेणाऱ्यांसाठी. आज नाही तर तीस वर्षांनी कुणीतरी ते झाकण उघडेल. आणखी एक म्हणणं असं, की ही सगळी श्रीमंतांची हौस आहे. स्पर्धेत उभी करायची गाडी असेल तर ते खरंही असेल. पण खरा भाग म्हणजे महागडा, दुर्मीळ, बोटीनं मागवलेला भाग, अशी समजूत करून घेतली तरच हा आक्षेप टिकतो. गाडीतलाच भाग दुरुस्त करायचा ठरवलं तर पैशापेक्षा हात लागतात, आणि ते हात आपल्याकडे अजून आहेत. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी विहिरीवरच्या मोटरी भरून देणारी वाइंडिंगची दुकानं असतात. ज्या माणसाला पाणबुडी पंपाची जळालेली मोटर भरता येते त्याला डायनामोचं आर्मेचर भरणं अशक्य नाही. तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि जुनी वेटोळी कशी बसली होती याचं एक चित्र त्याच्या हातात दिलं पाहिजे. कार्बन ब्रश घासून मापाचे करता येतात, कम्यूटेटर लेथवर साफ करून घेता येतो, बुशिंग ओतून मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, किंवा कुर्ल्याच्या भंगारगल्लीत, तुटक्या कटआउटच्या ढिगात कधी झाकण सापडतं, कधी नुसता टर्मिनलचा स्क्रू. दोन मेलेल्या कटआउटमधून एक जिवंत करणं हे कष्टाचं काम आहे, पण ते खिसा फाडणारं नाही. आणि त्या कामातून एक कसब जिवंत राहतं, जे नवं खोकं उघडण्यातून राहत नाही.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा. या भागांची अदलाबदल तर पहिल्या दिवसापासून होतच आली आहे. बल्ब गेले, प्लग बदलले, पॉइंट बदलले, बॅटऱ्या किती झाल्या याला गणतीच नाही. मग खरेपणाची रेघ कुठं ओढायची? मला वाटतं, ही रेघ यंत्र बनवणाऱ्यांनीच आखून ठेवली आहे. ब्रश, बल्ब, पॉइंट, प्लग हे झिजण्यासाठीच केलेले भाग आहेत. ते सहज निघावेत म्हणून त्यांना स्क्रू आणि खाचा दिल्या आहेत. त्यांच्यावर तारीख ठोकलेली नसते, कारण ते टिकतील अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. डायनामोचं नळकांडं, डिस्ट्रिब्युटरचं ओतीव धड, कटआउटचा पाया, वायरिंगची जुडी आणि हेडलाइटची वाटी हे टिकण्यासाठी केलेले भाग आहेत. पहिल्या जातीचे भाग हवे तितक्यांदा बदलावेत, त्यात गाडीचं काही जात नाही. दुसऱ्या जातीचा भाग बदलण्याआधी मात्र हात थांबवावा. तो सुधारता येतो का हे बघावं, आणि येत नसेल तरी त्याला घरातून जाऊ देऊ नये.

म्हणून ज्यांच्या वाड्यात, परसात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात एखादी जुनी गाडी उभी आहे त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. ऑटो इलेक्ट्रिशियन पहिली वायर तोडण्याआधी बॉनेटखालचे आणि डॅशबोर्डखालचे फोटो काढा. प्रत्येक भागावरचा क्रमांक आणि तारीख वहीत उतरवा. कुठल्या रंगाची वायर कुठं जाते ते लिहा. जो डायनामो, जो कटआउट, जी कॉइल निघेल तिला चिठ्ठी बांधा, त्यावर गाडीचा नंबर आणि काढल्याचा दिवस घाला, आणि तो भाग तेल लावून कापडात गुंडाळून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. गाडी विकलीत तर ते खोकंही नव्या मालकाच्या हवाली करा. भंगारवाला त्या तांब्याचे जे काही पैसे देईल, त्यापेक्षा ती तारीख कितीतरी अधिक मोलाची आहे, आणि एकदा वितळली की ती पुन्हा ठोकता येत नाही.